तीन माणसं, चार दिवस, शाकाहारी

करावे, ता. १२ एप्रिल १९९८

निरोप पाठवायचा तर माणसाने माणसाच्या कानात पाठवावा, विहीणबाई. भर हळदीच्या मांडवात पाठवू नये. परवा बेलापूरला आमच्या नात्यात हळद होती. बायका ओळीने बसलेल्या, बेंजोवाले नेमके चहा प्यायला थांबलेले, म्हणजे मुंगी शिंकली तरी ऐकू जाईल अशी वेळ. तेवढ्यात तुमची ती उलव्याची मावसबहीण (नाव मला येतं, पण लिहीत नाही, तिला एवढा मान कशाला) माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नागावच्या मुक्ताबायचा निरोप हाय. सुनेला दिवस गेले तं आधी सासूला सांगायची आमच्यात रीत हाय. करावेकरनींच्यात नसंल." माझ्या हातात हळदीची वाटी होती. ती नवरदेवाच्या गालाला लावायची, ती मी त्याच्या कानात ओतली. पोरगं कालपासून त्या कानाने कमी ऐकतंय म्हणतात. लग्न झाल्यावर त्याला त्याचा फायदाच होईल, पण त्याची आई माझ्यावर चिडली आहे, आणि त्याचं पाप अर्धं तुमचं आहे.

आता रीत. सौभाग्यवती मुक्ताबाई विहीणबाईंना करावेहून गोजराचा हात जोडून नमस्कार. आम्ही इकडे देवीच्या कृपेने धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? व्याहीबुवांचा खोकला उतरला का? जावईबापूंना आशीर्वाद सांगा. तुमच्या वाडीतल्या माडांना यंदा फळ कसं आहे? (माडांची चौकशी मी तोंडदेखली करत नाही. का ते पुढे येईल.) पत्र मीच लिहिते आहे. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीसुद्धा देवळाच्या ओट्यावर, म्हणून अक्षर खेकड्यासारखं चालतं, सांभाळून घ्या. वरच्या मजल्यावरची आमची भाडेकरीण वैजयंतीबाई लिहून देते म्हणाली होती. पण ती बँकेत आहे. ती लिहील तर पत्र वाचून तुम्ही कुठे सही करायची ते शोधत बसाल.

तर मुद्दा असा की नमिताला दिवस गेल्याचं मला काही माहीत नाही. माहीत असतं तर तुम्हाला उलव्याच्या बाईची गरज पडली नसती, माझा आवाज असाच खाडीवरून नागावपर्यंत आला असता. मग बातमी कुठून निघाली? माझ्या तोंडातून निघाली. आणि मी ती बोलले नाही. हे दोन्ही खरं आहे. कसं ते सांगते. जरा लांबेल, गॅसवर काही असेल तर उतरवून घ्या.

सगळं सुरू झालं ते मे महिन्यावरून. आमच्या गावात मे महिन्यात घराघरात लेकी येतात, तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही कोणाची लेक आहात. संध्याकाळी ओट्याओट्यावर त्या बसतात, सासूची नक्कल करतात, आया हसतात आणि वर "असं बोलू नये बाय" म्हणतात. लग्नानंतरचा नमिताचा हा पहिला मे. दिवाळीला ती आली होती, पण दोन दिवसांत जावईबापू न्यायला हजर, फराळाचा डबासुद्धा पुरता उघडला नव्हता. म्हणून मी होळीलाच तुम्हाला फोन केला, मे महिन्यात नमीला पाठवा म्हणून. तुम्ही म्हणालात, "मे मधी कशी पाठवू, सीझन हाय ना." सीझन हा शब्द मी तोवर आंब्याचा आणि लग्नाचा ऐकला होता. सुनेचा सीझन पहिल्यांदाच ऐकला. मग समजलं की तुम्ही वाडीत तीन खोल्या बांधल्या आहेत, मुंबईची माणसं समुद्र बघायला येतात, त्यांना दोन वेळ घरगुती जेवण लागतं, आणि ते घरगुती जेवण म्हणजे माझी नमी. चांगलं केलंत. आमचं शेत गेलं तेव्हा आम्हीही चाळच बांधली, भाड्याचं खाणं काही वाईट नाही. पण आमच्या भाडेकऱ्यांना आम्ही जेवायला घालत नाही, एवढाच फरक.

तुम्ही म्हणाल, मग तूच ये की. इथे आपली रीत आडवी येते. लेकीला दिवस जाईपर्यंत आईने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. ही रीत मी काढलेली नाही, पण पाळणार मी. माझी आई मला भेटायला यायची तेव्हा पदराला चणे बांधून यायची आणि आमच्या दारातल्या विहिरीकडे पाठ करून बसायची. तुमच्या पूजेला मी आले होते ते आठवतं का? घरून पाण्याची बाटली भरून आणली होती. ती वडखळच्या पुढे गाडी तापली म्हणून ड्रायव्हरने गाडीच्या तोंडात ओतली. मग तुमच्या अंगणात बसले तेव्हा वर शहाळ्यांचे घोस लोंबत होते, खाली तुम्ही पाव्हण्यांना शहाळी फोडून देत होतात, आणि मी थुंकी गिळत होते. तुम्ही एक शहाळं माझ्यापुढे आणलंत. मी नको म्हणाले. तुम्ही परत आणलंत. मी परत नको म्हणाले, आणि माझी जीभ टाळूला चिकटली असल्यामुळे ते नको जरा कडक आलं. तुम्हाला वाटलं, करावेकरणीला चाळीचा माज आलाय. माज कसला विहीणबाई, मला त्या वेळी माडावर चढता आलं असतं तर मी चढून रात्रभर तिथेच राहिले असते. निघाले ते अलिबागच्या स्टँडवर येऊन तीन सोडा एका दमात प्यायले आणि गाडीभर ढेकर देत पेणपर्यंत आले. शेजारी बसलेला माणूस वडखळला उतरून मागच्या सीटवर गेला.

तर असा माझा नागावचा रस्ता बंद. आणि मग हा मार्च संपत आला. वैजयंतीबाई आणि तिचा नवरा श्यामसुंदर दर वर्षी मे महिन्यात कुठल्या तरी समुद्रावर जातात. साताऱ्याकडची माणसं, पाणी दिसलं की खुळावतात. (आमच्या मागे खाडी आहे, रोज दोनदा भरते, दोनदा ओसरते. तिच्याकडे ही बाई ढुंकून बघत नाही. म्हणते, वास येतो. समुद्राला काय अत्तर लावलेलं असतं?) तिच्या बँकेतल्या कोणी तिला एक कार्ड दिलं होतं. ते घेऊन ती खाली आली आणि विचारायला लागली, नागाव कसं आहे हो गोजराबाई, तुमची मुलगी तिकडेच ना? मी कार्ड हातात घेतलं. अक्षर अक्षर लावून वाचलं. समुद्रापासून चालत पाच मिनिटं. घरगुती जेवण. आपुलकीची सेवा. खाली तुमच्या घरचा नंबर. मी त्या कार्डाकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. आपुलकीची सेवा वाचून मला वाटलं, ही तर मी वीस वर्षं वाढवली, आणि आता मुंबईचा कोणीही फोन करून मागवू शकतो, मी सोडून.

आणि तिथेच माझ्या डोक्यात ते आलं. डोकं लहान असलं की त्यात एकच गोष्ट मावते, आणि ती मग बाहेर निघत नाही. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, कबूल. पण हॉटेलात पाणी पितो तेव्हा आपण कोणाच्या घरचं पितो? कोणाच्याच नाही. पैसे मोजले की पाणी आपलं. तर मग मी नागावला विहीण म्हणून यायचंच नाही. टुरिस्ट म्हणून यायचं. खोली घ्यायची, ताट घ्यायचं, पैसे टाकायचे, आणि वाढायला नमी आली तर तिने वाढायचं, मी जेवायचं, आणि चार दिवस तिला येता-जाता बघायचं. रीतही राहिली, लेकही दिसली. मला माझ्या हुशारीचं एवढं कौतुक वाटलं की मी त्या आनंदात भात करपवला.

नमीच्या बाबांना सांगितलं. ते ओट्यावर विडी ओढत होते. म्हणाले, "पानी बगायला पानी सोरून कोन जातो?" मी म्हटलं पाणी बघायला नाही, नमीला बघायला. त्यावर ते उठले, माळ्यावरून पाग काढून आणलं (ते जाळं त्यांनी दोन वर्षांत हातात धरलं नव्हतं) आणि फाटलेलं विणायला बसले. टुरिस्ट माणूस पाग घेऊन फिरत नाही हे मी त्यांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "मंग मी दिवसभर काय करू? वालूत किल्ला बांदू?"

आता बुकिंग. माझ्या नावाने केलं तर तुम्ही लगेच ओळखणार, म्हणून वैजयंतीबाईच्या नावाने करायचं ठरलं. घरी फोन असून आम्ही एसटीडी बूथवर गेलो, कारण फोन करणाऱ्याचा नंबर दाखवणारं यंत्र निघालंय असं माझा मितेश म्हणाला होता, आणि तुम्ही खोल्या बांधल्यात तर यंत्रही आणलं असेल. त्या काचेच्या डब्यात एक माणूस उभं राहायची जागा. मी अंगाने कशी आहे ते तुम्ही जाणता, आणि वैजयंतीबाई काही काडी नाही. तरी मी आत शिरले, कारण मला ऐकायचं होतं. तिने फोन कानाला लावला, मी माझा कान फोनच्या पाठीला लावला. दार बंद होईना. बाहेर लोक थांबून बघत होते. तुम्ही फोन उचललात. आवाज एवढा गोड, विहीणबाई, की मला वाटलं चुकीचा नंबर लागला. "या ना ताई, आपलंच घर हाय." मला कधी म्हणालात? असो. तुम्ही विचारलंत, किती माणसं. ती म्हणाली, तीन (म्हणजे मी, नमीचे बाबा आणि मितेश). किती दिवस. चार. मग तुम्ही विचारलंत, व्हेज की नॉनव्हेज. आणि ही बाई जन्मभर जे सांगत आली ते सवयीने सांगून मोकळी झाली. शाकाहारी.

मी तिला कोपर मारलं. पण त्या डब्यात कोपर मारायलाही जागा नव्हती, ते बूथच्या काचेला लागलं. समुद्राकाठी जाऊन आम्हा आगऱ्यांची तीन माणसं चार दिवस वरणभात खाणार. नमीच्या बाबांना मी हे अजून सांगितलेलं नाही. तुमच्याकडे हे पत्र येईल तोवर सांगेन म्हणते.

पण त्या कोपराच्या गडबडीत तुम्ही पुढे जे बोललात ते मला ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, व्हेजचं काही टेन्शन घेऊ नका ताई, माझी सून अळूचं फदफदं असं करते की मच्छी खाणारे मच्छी बाजूला ठेवतात, आणि हाताला चव आहे पोरीच्या. हे तुम्ही परक्या बाईला सांगितलंत. मला वर्षभरात तुम्ही सांगितलंत ते एवढंच, की ती पहाटे उठत नाही, आणि नारळ खवताना अर्धा करवंटीला ठेवते. (ते खरं आहे. ती इथेही ठेवायची.) मी त्या काचेच्या डब्यात घामाने निथळत उभी होते आणि माझ्या लेकीची स्तुती चोरून ऐकत होते. चोरी केली ती केली, पण ती चोरी मी परत देणार नाही.

बाहेर आल्यावर वैजयंतीबाई म्हणाली, मागे कोणीतरी हसत होतं हो. मी विचारलं, बाई की पोरगी? म्हणाली, पोरगी असावी. मी विचारलं, कसं हसत होती? ती म्हणाली, कसं म्हणजे, हसण्यासारखं. एवढी शिकलेली बाई आणि हसणं सांगता येत नाही. मी तिला रस्ताभर विचारत राहिले, की मोठ्याने का बारीक, का तोंडावर हात धरून. शेवटी ती वैतागून म्हणाली की गोजराबाई, आता मला वाटतंय की रेडिओ असेल.

त्यानंतर वाशीला खरेदी. तुमच्या अंगणात उतरल्या उतरल्या तुम्ही ओळखलं असतं तर मला दारातूनच विहीण करून टाकलं असतं, म्हणून सामान आत जाईपर्यंत ओळख लपवायची असा माझा बेत. एकदा सामान खोलीत गेलं की गिऱ्हाईक, मग कोण काढतो. काळा चष्मा घेतला. गोल टोपी घेतली. वैजयंतीबाईने तिचा पंजाबी ड्रेस घालून बघायला दिला, तो माझ्या दंडापर्यंत आला आणि पुढे त्याने ऐकलं नाही. मग लुगड्यावरच टोपी आणि चष्मा घालून आरशासमोर उभी राहिले. मितेश आत आला, बघितलं, आणि बाहेर जाऊन बसला. नंतर म्हणाला, "आई, नमीताईने तुला या वेशात बघितलं तं ती माहेर विसरंल." नमीच्या बाबांनी मात्र नीट निरखून बघितलं आणि म्हणाले की मिठागरावर पूर्वी एक मुकादम होता, हुबेहूब. पंचवीस वर्षांचा संसार, आणि हे कौतुक.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग गाडीचा प्रश्न आला. पाग आणि सामान घेऊन एसटीत बसायला नमीचे बाबा तयार होईनात, म्हणून मी मोठ्या जाऊबाईंकडे, शेवंताबायकडे गेले. त्यांच्या घरी ट्रॅक्स आहे. मी घाईत होते, चुलीवर दूध ठेवून आले होते. तिने विचारलं, कुठे जायचंय. नागावला. तिने नाकाला बोट लावलं. "नमीकडं? राहायला?" मी म्हटलं हो. ती म्हणाली, "आनि जेवायला?" मला दूध दिसत होतं डोळ्यांसमोर. मी म्हटलं हो बाय, जेवायला पन, पानी प्यायला पन, गाडी देतेस की नाय ते बोल. तिने माझ्याकडे बघितलं, डोळ्यात पाणी आणलं, माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली आणि म्हणाली, "एवरी गोड बातमी, आनि अशी दूध सांडल्यागत सांगतेस?"

मला तेव्हाही कळलं नाही. घरी जाऊन दूध उतरवलं, म्हणजे जे भांड्यात राहिलं होतं ते, आणि मग कळलं. लेकीच्या घरी आई जेवायला निघाली याचा आमच्या गावात एकच अर्थ होतो. तो अर्थ लावायला शेवंताबायला शाळेत जायची गरज नाही. मी चप्पल घालून परत निघाले तोवर दारात बायका आल्याच होत्या. कोणी नारळ आणला, कोणी हिरवा चुडा, शेवंताबायने तर तिच्या लेकीसाठी ठेवलेलं कोरं हिरवं लुगडं काढून दिलं. संध्याकाळपर्यंत करंज्यांचा डबा.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलंस? विहीणबाई, मी तोंड उघडलं होतं. पण काय सांगणार? दिवस गेलेले नाहीत म्हटलं तर विचारणार, मग तू रीत मोडून लेकीच्या घरचं खायला कशी चाललीस? पैसे देऊन खायला चाललेय म्हटलं तर विचारणार, विहिणीला पैसे? आणि काहीच नाही म्हटलं तर म्हणणार, वर्ष झालं, अजून काहीच नाही? आणि मग नमीच्या नावाने ज्या गोष्टी सुरू झाल्या असत्या त्या मी दुसऱ्यांच्या लेकींच्या नावाने ओट्यावर बसून ऐकल्या आहेत, आणि खोटं कशाला बोलू, त्यात दोन शब्द माझेही असायचे. म्हणून मी गप्प बसले. सगळं गाव मला तोंडाळ म्हणतं. जन्मात पहिल्यांदा गप्प बसले, आणि तेच नडलं. चार दिवसांत शेवंताबायच्या ट्रॅक्समागे एक टेम्पो ठरला, भावकीतल्या सगळ्या बायका ओटी भरायला नागावला येणार म्हणून, आणि तिच्या पोराने बेंजोवाल्यांनाही विचारून ठेवलं. म्हणजे तुमच्या दारात बुकिंग तीन माणसांचं, शाकाहारी, आणि उतरणार अख्खी भावकी, बेंजोसकट, मासळीच्या टोपल्या घेऊन, आणि सगळ्यांच्या पुढे काळ्या चष्म्यातला मुकादम.

एवढ्यात तुमचा निरोप आला. तुम्हाला राग आला ते बरोबरच आहे. सुनेची अशी बातमी सासूला मावसबहिणीकडून कळावी, माझं असं झालं असतं तर मी निरोप पाठवला नसता, स्वतः आले असते. नमीला मात्र यातलं एक अक्षर माहीत नाही. तिला काही विचारू नका, तिच्या अंगाकडे बघू नका, आणि उगाच आंबट-चिंबट पुढे करून परीक्षा घेऊ नका. परवा हळदीतच मी भर मांडवात उभी राहून सांगून टाकलं की बातमी खोटी आहे, चूक माझी आहे, मला लेकीला बघायचं होतं म्हणून मी टुरिस्ट होणार होते. सगळ्या बायका हसल्या. बेंजोवालेही हसले. शेवंताबाय हसली नाही. ती म्हणाली, "खुले, मला सांगायचं होतंस, मी पन टोपी घातली असती."

तर ट्रिप रद्द. टेम्पो रद्द, ट्रॅक्स रद्द, टोपी वैजयंतीबाईच्या पोरीला दिली. मे महिन्यात आम्ही खाडीवर बसू, पाणी तिकडचं आणि इकडचं एकच. राग मनात ठेवू नका. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य सांगा.

तुमची विहीण,
गोजरा

ता. क. वर ट्रिप रद्द लिहिलं आहे, तरी वैजयंतीबाईच्या नावाची खोली एवढ्यात दुसऱ्या कोणाला देऊ नका.

ता. क. हिरवं लुगडं मी परत करायला गेले होते, शेवंताबायने घेतलं नाही. म्हणाली, ठेव, नासतं थोडंच. म्हणून पेटीत ठेवलं आहे. करंज्या नासल्या असत्या म्हणून आम्ही खाल्ल्या. जे विचारायचं नाही ते मी विचारत नाही. लुगडं पेटीत आहे एवढंच कळवते.

ता. क. आता खरं काय ते लिहिते, दोन दिवस पाकीट चिकटवलं नव्हतं ते याच्यासाठीच. मी विहीण म्हणून आले तर उपाशी बसेन. टुरिस्ट म्हणून आले तर तुम्ही माझे पैसे घेणार नाही, माझ्या अंगावर फेकाल, आणि मीही तुमच्या जागी तेच केलं असतं. तेव्हा दोन्ही नको. तुमचा सीझन आहे, खोल्या तीन, हात दोन बायकांचे, त्यात तुमचा गुडघा. मला कामाला ठेवा. भाकऱ्या मी थापेन, मासळी मी साफ करेन, नमीने फक्त कालवणं करावीत. गडी माणूस जिथे राबतो तिथे जेवतो, त्याला रीत आडवी येत नाही, हे मी आमच्या म्हाताऱ्या गुरवाला विचारून घेतलं आहे. (तो आधी खूप हसला.) करावेची चाळवाली नागावला भाकऱ्या थापायला गेली असं गाव म्हणेल. म्हणू दे, मुकादमापेक्षा बरं. रात्री मी नमीजवळ स्वयंपाकघरात आडवी होईन, तुमची खोली अडवणार नाही, ती खोली गिऱ्हाइकाला द्या. नमीच्या बाबांना खाडीवर सोडून येणार होते, पण त्यांचं पाग विणून झालं आहे आणि ते रोज दारात आणून ठेवतात. त्यांनाही कुठेतरी घ्या. येताना आमच्या खाडीची मासळी, निवट्या, आणेन. तुमच्या समुद्रात सगळं मिळतं, निवट्या मिळत नाहीत, त्या चिखलातच होतात आमच्यासारख्या. नमीला फार आवडतात. मजुरी पैशांत नको. रोज एक शहाळं द्या. ते माझ्या कष्टाचं असेल, तेव्हा मी ते तुमच्याच अंगणात, तुमच्यासमोर बसून पिईन.

ता. क. उत्तर अक्षय्य तृतीयेच्या आत हातात पडलं पाहिजे, उलव्याच्या बाईबरोबर नको, टपालानेच पाठवा. हो लिहा नाहीतर नाही लिहा, पण नाही असलं तरी ते नमीच्या हातून लिहून घ्या. अक्षर तरी बघेन.